काळोख विकत घेणे आहे

ओसाका शहरातल्या एका सोबा नूडल्सच्या खानावळीत, वरच्या मजल्यावर, एक टीव्ही होता. सोनीचा, १९८९ सालचा, ४३ इंची, वजनाला सुमारे २०० किलो. मागे पोट सुटलेला, काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही याहून मोठा कुणी बाजारात आणला नाही. अमेरिकेत त्याची तेव्हाची किंमत ४० हजार डॉलर. खानावळीची इमारत पाडायची वेळ आली तेव्हा अमेरिकेतल्या एका हौशी गृहस्थानं तिथल्या लोकांना गाठलं, गळ घातली, टीव्ही जिन्यावरून खाली उतरवून घेतला, समुद्रापार आपल्या घरी नेला आणि २०२४ च्या डिसेंबरात ती सगळी हकिगत व्हिडिओ करून जगाला दाखवली. हा सगळा खटाटोप जुने व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या गोटातला.

ही हकिगत मी घरात सांगितली ती एका हेतूनं. मला हवा असलेला मॉनिटर सहा-सात किलोंचा आहे, तो एकटा माणूस बगलेत मारून आणू शकतो, आणि त्याची किंमत ४० हजार डॉलरच्या आसपासही जात नाही, एवढं मंडळींच्या लक्षात यावं. बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जिना शाबूत राहिला का?"

तर मागणी तशी साधी होती. मला मारिओ खेळायचा होता. निन्टेन्डोचा, १९८५ चा, पहिला. २५६ बाय २४० ठिपक्यांचं चित्र आणि सगळा खेळ मिळून ४० किलोबाइट. हा खेळ चांगला दिसावा म्हणून जो मॉनिटर लागतो त्याच्या नुसत्या माहितीपत्रकाची फाइल याच्या कितीतरी पट मोठी असते. तुम्ही म्हणाल, घरात लॅपटॉप आहे, भिंतीवर भलामोठा टीव्ही आहे, त्यावर खेळा की. खेळलो. मारिओ उभा असतो तोवर सगळं लख्ख दिसतं. टोपी, मिशी, डुंगरीची बटणं. तो पळायला लागला की विटांना विटा चिकटतात, ढग लांबट होतात आणि प्रश्नचिन्हाचा डबा नक्की कशाचं चिन्ह आहे ते कळेनासं होतं. १९९१ चा सॉनिक तर विचारूच नका. तो दर चित्रागणिक सहा-सहा ठिपके पुढे सरकतो, आणि जुन्या सेगाच्या पडद्याची रुंदी मुळात ३२० ठिपक्यांची. अख्खं हिरवं रान डोळ्यांसमोरून हिरवी चटणी होऊन जातं.

आणि हे माझ्या आठवणीत नाही. लहानपणी मारिओ पळाला तरी विटा वेगळ्या दिसायच्या. आठवणी गोड असतात हे मला मान्य आहे, पण विटांच्या फटींबद्दल कुणी गोड आठवणी काढत नाही.

मॉनिटर घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदारानं मी तोंड उघडायच्या आत एक खोकं पुढे केलं.

"गेमिंगसाठी ना? हा घ्या. एक मिलिसेकंद."

"काय एक मिलिसेकंद?"

"सर, एक मिलिसेकंद," त्यानं खोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. त्याच्या मते विषय संपला होता.

या आकड्याचं गौडबंगाल असं आहे. एका करड्या छटेवरून दुसऱ्या करड्या छटेवर जायला पिक्सेलला किती वेळ लागतो, तो हा वेळ. पण मोजताना बदलाचे सुरुवातीचे दहा टक्के आणि शेवटचे दहा टक्के सोडून द्यायचा प्रघात आहे. म्हणजे पुणे-मुंबई प्रवासाचा वेळ तळेगावचा टोलनाका ओलांडल्यावर लावायचा आणि पनवेल दिसलं की घड्याळ बंद करायचं. वाकडची कोंडी आणि वाशीचा पूल हिशेबातच नाही. शिवाय हा पराक्रम करण्यासाठी मॉनिटरच्या मेनूत जाऊन पिक्सेलना जो चाबूक मारावा लागतो, त्या दणक्यानं ते मुक्कामाच्या पुढे जाऊन परत येतात आणि मारिओच्या मागे एक फिकट पिशाच्च धावायला लागतं. मॉनिटरवाले ते सेटिंग मेनूत ठेवतात, खोक्यावर त्याचा आकडा छापतात आणि शहाणी माणसं ते कधी लावत नाहीत.

याशिवाय दुसरं एक मिलिसेकंद असतं. ते चित्र डोळ्यांसमोर किती वेळ टिकतं त्याचं. माझ्या कामाचं ते दुसरं. खोक्यावर कधी हे छापतात, कधी ते, आणि दोन्ही सारख्याच ठळक अक्षरांत. मी दुकानदाराला विचारलं, यातलं कुठलं? तो म्हणाला, "एक म्हणजे एकच की सर."

मग त्यानं महागडं काढलं. ओलेड. पिक्सेल बदलायला ०.०३ मिलिसेकंद. याहून कमी वेळात आमच्या घरात फक्त 'नाही' म्हटलं जातं. त्यानं मॉनिटर लावून दाखवला, मी पेन ड्राइव्हवरून नेलेला मारिओ सुरू केला. पळवला. विटांना विटा चिकटल्या.

इथे माणूस चक्रावतो. पिक्सेल डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी बदलतोय, तरी धूसर का? तर गंमत अशी की पडद्यावर धूसर असं काही नसतंच. मोबाइलनं पटकन फोटो काढून बघा; पळणारा मारिओ फोटोत रेखीव उभा असतो. खेळ आपल्याला सेकंदाला साठ स्थिर चित्रं देतो. आजचा पडदा प्रत्येक चित्र मिळाल्यापासून पुढचं येईपर्यंत, म्हणजे १६.७ मिलिसेकंद, जसंच्या तसं धरून ठेवतो. आपला डोळा मात्र तसा थांबत नाही. तो पळणाऱ्या वस्तूबरोबर सरळ, सलग सरकत राहतो. चित्र जागेवर आणि डोळा पुढे, त्यामुळे चित्र डोळ्यातल्या पडद्यावर फासलं जातं. हिशेब अगदी सरळ आहे. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगानं जाणारी वस्तू साठ चित्रांत विभागली की दर चित्रामागे १६ पिक्सेलचा फराटा. नजर एका जागी खिळवून ठेवली, तर तो फराटा उमटत नाही. पण मग मारिओ खड्ड्यात पडतो. दोष डोळ्याचा, आणि तोसुद्धा काम चुकवल्याचा नाही. काम चोख केल्याचा.

हे सगळं मी घरी नीट समजावून सांगितलं. त्यातला "दोष डोळ्याचा" एवढाच भाग ऐकला गेला आणि माझी नेत्रतज्ज्ञांकडे रवानगी झाली.

"धूसर कधी दिसतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मारिओ पळाला की."

"आणि उभा असला की?"

"एकदम स्वच्छ."

"गाडी चालवताना?"

"काही त्रास नाही."

त्यांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली, नंबर तपासला, खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "नंबर तोच आहे. मारिओला जरा सावकाश पळायला सांगा."

डॉक्टरांनी हे चेष्टेत म्हटलं, पण आपल्याकडच्या एका पिढीचा मारिओ खरोखरच सावकाश पळत होता. जपान-अमेरिकेत टीव्हीवर सेकंदाला साठ वेळा चित्र उमटायचं. आपल्याकडे पन्नास वेळा. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेली 'लिटल मास्टर', 'मीडिया' वगैरे यंत्रं म्हणजे निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला, आणि त्यातल्या आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या यंत्रांत खेळ पन्नासाच्या तालावर चालायचे. त्यांच्याबरोबर पिवळी कॅसेट यायची, तिच्यावर '९९९९९९९ इन वन' असं लिहिलेलं असायचं, प्रत्यक्षात खेळ मोजके, आणि बाकीचे लाखो म्हणजे तोच मारिओ आठव्या पायरीपासून. मूळ साठाच्या हिशेबानं रचलेला खेळ पन्नासावर चालला की सहावा हिस्सा वेग गळतो. मारिओ मंद, कासवं मंद, गाण्याची चालही मंद. आम्हाला ते संगीत गंभीर वाटायचं. आता संगणकावर खेळ मूळ वेगानं सुरू केला आणि पहिल्याच वळणावर त्या तपकिरी अळंबीसारख्या प्राण्यानं माझा जीव घेतला. मधल्या काळात माझे हात मंदावले आणि मारिओचे पाय जलद झाले. हा अन्याय कुठल्याच मॉनिटरनं दूर होत नाही.

पण विटांचं कोडं शिल्लक राहतं. पन्नासावर असो की साठावर, जुन्या टीव्हीवर विटा वेगळ्या का दिसायच्या?

कारण तो टीव्ही बहुतेक वेळ विझलेला असायचा. पिक्चर ट्यूबच्या मानेतून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि काचेच्या आतल्या लेपावर एकेक ओळ काढत जातो. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ ओळी. (या आकड्याची एक बारीक शिट्टीही त्या टीव्हीतून यायची. लहान मुलांना ती स्पष्ट ऐकू येते, वय वाढलं की बहुतेकांना येत नाही. वडील रात्री आवाज पूर्ण बंद करून शारजाची मॅच बघत बसायचे आणि आतल्या खोलीत झोपलेल्या पोरांना ते कसं कळतं याचं त्यांना आयुष्यभर कोडं असायचं, त्याचं उत्तर हे.) झोत जिथे पडतो तिथला ठिपका झगझगीत पेटतो आणि मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदांत मावळतो. पुढची फेरी यायला वीस मिलिसेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक ठिपका नऊ-दशांश वेळ काळाच. डोळ्याला चित्राचा एक झटका मिळतो, मग काळोख, मग पुढच्या जागी पुढचा झटका. फासायला मध्ये चित्रच नसतं. 'टीव्ही बघून बघून डोळे फुटतील' असं घरोघरी ऐकवलं जायचं. आम्ही बिचारे बहुतांशी काळोख बघत होतो.

एवढं कळल्यावर मागणी बदलली. पुन्हा त्याच दुकानात गेलो.

"मला बंद होणारा मॉनिटर पाहिजे."

दुकानदार दुखावला. "सर, आपल्याकडचा माल बंद नाही पडत. तीन वर्षं वॉरंटी आहे."

त्याचंही खरं होतं. सगळा बाजार उजेड विकण्यात गुंतलेला आहे. चारशे निट्स, सहाशे निट्स, हजार निट्स; खिडकीसमोर ठेवला तरी दिसेल, डोळे मिटले तरी दिसेल. तिथे एक गिऱ्हाईक येऊन म्हणतं, मला काळोखाचे पैसे द्यायचे आहेत, तर कोणता दुकानदार त्याला खुर्ची देईल?

तरी काळोख मिळतो. मेनूच्या तळाशी, ओळखू येणार नाही अशा नावांनी. एलसीडी मॉनिटरमध्ये पडद्यामागचा दिवा चित्रागणिक एकदा लुकलुकवतात आणि बाकी वेळ विझवून ठेवतात. एनव्हिडियाचं याला एक नाव, असूसचं दुसरं, बेनक्यूचं तिसरं. नावं वेगळी असली तरी प्रत्येकजण दिव्याचं बटण दाबतोय. मात्र यात एक मेख आहे, आणि ती दुकानात कळत नाही. ही सोय आजच्या नेमबाजीच्या खेळांसाठी केलेली असते; तिथे सेकंदाला १२०, १४४, २४० चित्रं येतात. त्यामुळे बऱ्याच मॉनिटरांत दिवा शंभराच्या खाली लुकलुकायला तयारच नसतो. आपला मारिओ साठावरचा. दिवा १२० वेळा लुकलुकला की प्रत्येक चित्र दोनदा पेटतं, मधल्या वेळात डोळा पुढे गेलेला असतो, आणि पळणाऱ्या मारिओच्या बाजूला आणखी एक मारिओ पळताना दिसतो. दोन्ही अगदी रेखीव. भाच्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, दुसरा लुइजी असेल."

म्हणून अशा मॉनिटरबद्दल एकच प्रश्न विचारायचा असतो: ६० हर्ट्झला, चित्रागणिक एकदाच, दिवा लुकलुकतो का? व्ह्यूसॉनिकच्या एक्सजी२४३१ सारख्या मोजक्या मॉनिटरांचं उत्तर हो असं आहे आणि जुन्या खेळांचे शौकीन त्यांची नावं आदरानं घेतात. एका मित्राकडे असा मॉनिटर आहे. त्यावर मारिओ पळवला आणि विटा, ढग, झुडपं, सगळं जागच्या जागी. मी भारावून बघत बसलो. मित्राची आई चहा घेऊन आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "व्होल्टेज कमी-जास्त होतंय का रे?" कारण सेकंदाला साठ वेळा विझणारा दिवा कडेच्या नजरेला फडफडताना दिसतो, आणि उजेड चांगलाच घटतो. जुना टीव्हीही असाच फडफडायचा, आणि आपल्याकडे तर पन्नासानं. तेव्हा कुणी तक्रार केली नाही, कारण तक्रार करायला दुसरा टीव्ही पाहिलेला नव्हता.

ओलेडमध्ये मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. तिथे काळोख घालायचा तर दोन चित्रांच्या मध्ये अख्खं काळं चित्र दाखवायचं. १२० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र मारिओचं, एक काळं. म्हणजे मारिओ ८.३ मिलिसेकंद. २४० च्या पडद्यावर एक मारिओचं, तीन काळी, ४.२ मिलिसेकंद. ४८० च्या पडद्यावर एक मारिओचं आणि सात काळी, २.१ मिलिसेकंद, म्हणजे जुन्या टीव्हीच्या जवळपास. जितका पडदा महाग तितकं त्यावर कमी दाखवायचं. हा हिशेब मी घरी मांडला तेव्हा मुलीनं तो सोप्या शब्दांत आईला सांगितला: "बाबांना लाखाचा मॉनिटर हवाय, आणि त्यातले साडेसत्याऐंशी हजार बंद ठेवायचेत." गणित बरोबर होतं. मुलीच्या शाळेची फी वाया गेलेली नाही.

उजेडही त्याच हिशेबात आठवा हिस्सा उरतो. खोलीचे पडदे ओढून, रात्री, दिवे मालवून खेळावं लागतं. आणि ओलेडची आणखी एक रीत अशी की एकच एक चित्र फार वेळ एका जागी राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. मारिओत वरच्या बाजूला गुण, नाणी, जग आणि वेळ हे शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत हलत नाहीत. पुढे कधी त्या मॉनिटरवर ऑफिसची मीटिंग लावली तर साहेबांच्या कपाळावर 'वर्ल्ड १-१' दिसण्याची शक्यता गृहीत धरावी.

काळोख विकणं कंपन्यांना तरी कुठे परवडतं? एलजीच्या २०२१ च्या सी१ टीव्हीत १२० हर्ट्झवरही काळी चित्रं घालायची सोय होती; पुढच्या वर्षीच्या सी२ मधून ती गेली. शंभरातल्या नव्व्याण्णव गिऱ्हाइकांनी ते बटण एकदा दाबलं असणार, पडदा काळवंडला म्हणून घाबरून परत बंद केलं असणार.

अजून एक बारीक काटा आहे. मूळ निन्टेन्डो बरोबर साठ चित्रं देतच नाही, तो ६०.०९८८ देतो. मॉनिटर साठच मागतो. ही उरलेली चिल्लर साठत जाते आणि दर दहा सेकंदांनी एक चित्र गळून मारिओला उचकी लागते. त्यावर उपाय म्हणून खेळाच्या तालाप्रमाणे आपला ताल बदलणारे मॉनिटर निघालेत. उत्तम आहेत. पण ताल बदलणं आणि दिवा लुकलुकवणं या दोन गोष्टींचं बहुतेक मॉनिटरांत एकमेकांशी पटत नाही. एक चालू केलं की दुसरं रुसतं. उचकी घ्या किंवा फराटा घ्या.

या सगळ्यावर जगातली हुशार डोकी राबताहेत. मार्क रेजॉन आणि टिमथी लॉट्स या दोघांनी २०२४ च्या अखेरीस एक प्रोग्रॅम फुकट देऊन टाकला. तो आजच्या वेगवान पडद्यावर जुन्या ट्यूबमधला झोत वरून खाली सरकवल्याचा आभास करतो. चित्र पट्ट्यापट्ट्यांनी पेटतं, पट्ट्यापट्ट्यांनी मावळतं, आणि नुसती काळी चित्रं घालण्यापेक्षा डोळ्यांना ते सोसतं. दुसरे काही लोक फोर-के पडद्यावर पिक्चर ट्यूबच्या आतल्या लाल-हिरव्या-निळ्या रेघा रेखाटतात, ओळींमधल्या काळ्या फटी काढतात, काचेचा फुगवटा आणतात, कोपरे गोल करतात. कुणी तर केबल ढिली असल्यासारखा रंगांचा ओघळही आणतात, आणि तो आणावाच लागतो, कारण सॉनिकमधला धबधबा उभ्या पट्ट्यांचा काढलेला आहे आणि जुन्या केबलमध्ये त्या पट्ट्या एकमेकींत मिसळल्या तरच त्यातून पलीकडचं दिसतं. पूर्वी असा ओघळ दिसला की मेकॅनिकला बोलावत. आता त्याला अमुक टक्के, तमुक टक्के असे आकडे असतात आणि त्यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात.

मग कुणीतरी विचारतंच, की एवढं करण्यापेक्षा जुना टीव्हीच का नाही आणत?

आणा. सापडला तर. ज्या व्हिडिओकॉन कंपनीचे टीव्ही महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादजवळ बनायचे, जिच्या मालकांनी २००५ साली, सगळं जग चपट्या पडद्यांकडे पळत असताना, थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जागतिक धंदा विकत घेतला, आणि जी ट्यूबचे टीव्ही अगदी शेवटपर्यंत बनवत राहिलेल्या मोजक्यांपैकी एक होती, त्या कंपनीच्या मुलखात आज चालू ट्यूबचा टीव्ही शोधायला भंगारवाल्यांची साखळी पालथी घालावी लागते. तो सौदा तेव्हा लोकांना वेडेपणाचा वाटला. धंदा म्हणून तो बुडालाच. पण मारिओच्या बाजूनं विचार केला, तर दूरदृष्टी म्हणजे यापेक्षा वेगळं काय असतं?

पुण्याच्या जुन्या बाजारात दोन टीव्ही दिसले. एकाची मान तुटलेली. दुसरा विक्रेत्याच्या मते 'फक्त चित्र येत नाही, बाकी ओके'. शेवटी तो सापडला साडूंकडे, नाशिकला, एका कार्याला गेलो असताना, दिवाणखान्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. एकवीस इंची. त्यांच्या नव्या चपट्या टीव्हीच्या खाली टेबल म्हणून लावलेला, अंगावर क्रोशाचं कव्हर. मी सहज म्हटलं, हा चालतो का हो? साडूंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. गेली कित्येक वर्षं त्या टीव्हीला कुणी विचारलं नव्हतं, आणि साडू हा प्राणी दुसऱ्या साडूच्या डोळ्यातली चमक ओळखण्यात कधी कमी पडत नाही.

"चालतो म्हणजे? एकदम कंडिशनमध्ये आहे," ते म्हणाले. "पण देणार नाही. त्यात आमच्या बाबांची आठवण आहे."

बाबा गावी खणखणीत होते आणि आदल्या आठवड्यात साडूंनीच तो टीव्ही भंगारात द्यायचा विषय काढला होता, हे मेहुणीनं स्वयंपाकघरातून स्पष्ट आवाजात सांगितलं.

तेव्हा तिथेच लावून बघू, असं ठरलं. मी माझं खेळाचं यंत्र नेलं होतंच. अशा तयारीनं सासुरवाडीच्या कार्यांना जाणारा मी एकटाच नसेन. पिवळी पिन मागे खोचली, टीव्ही तापायला दोन क्षण लागले, साडूंच्या धाकट्या मुलानं कानावर हात ठेवून "शिट्टी वाजतेय" म्हटलं, आणि मारिओ पळाला. विटा दिसल्या. फटींसकट.

मग सासूबाईंनी बंदूक मागितली. 'डक हंट' या बदकांच्या शिकारीच्या खेळाची प्लास्टिकची बंदूक साडूंच्या माळ्यावर निघाली. ही बंदूक काही मारत नाही, ती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड नेमक्या वेळी दिसला का ते तपासतो. आजच्या पडद्यावर चित्र उशिरा पोचतं, ट्यूबसारखा उजेडाचा झटका मिळत नाही, बंदूक आंधळी होते आणि बदकं अमर. त्या टीव्हीवर मात्र सासूबाईंनी पहिल्या फेरीत दहापैकी सहा बदकं पाडली. उरलेल्या चारांच्या वेळी गवतातून खेळातला कुत्रा उठून हसला, तेव्हा त्यांनी बंदूक त्याच्यावर रोखली. घरातलं कुणी काही बोललं नाही. साडूंनी त्याच संध्याकाळी क्रोशाचं कव्हर घडी करून ठेवलं, आणि आता तो टीव्ही मला मिळणं अशक्य आहे.

तेव्हा ज्यांना हा नाद लागलाय त्यांच्यासाठी माझा निवाडा असा. पैसे मोजकेच असतील तर एलसीडी घ्या, पण ६० हर्ट्झला एकदाच लुकलुकणारा. दुकानदाराला ते माहीत नसेल तर स्वतः लावून, मारिओ पळवून, मारिओ मोजून घ्या. पैसे जास्त असतील आणि रात्री खेळणार असाल तर निदान २४० हर्ट्झचा ओलेड आणि त्यावर झोताचा आभास करणारा तो फुकटचा प्रोग्रॅम. 'एक मिलिसेकंद' या शब्दांना एक पैसाही जास्त देऊ नका. आणि कुणाकडे चालू ट्यूबचा टीव्ही दिसला तर चेहरा कोरा ठेवून आधी भाव करा. १०० हर्ट्झचा असेल तर सोडून द्या, त्यातही दोन मारिओ दिसतात. मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट दबा धरून असतात. आणि उचलताना दोन माणसं लावा, पडद्याची बाजू छातीकडे ठेवा. सगळं वजन काचेत असतं.